क्लबचं वर्ष जुलैत सुरू होतं, सांगलीचं नाही

आमच्या समाजसेवा करणाऱ्या क्लबच्या नियोजनाच्या पहिल्याच बैठकीला मी गेले ती मे महिन्यात, सांगलीत विश्रामबागला एका सदस्याच्या गच्चीवर. भडंगाचं ताट फिरत होतं आणि प्रत्येकाने पुढच्या वर्षासाठी कल्पना सांगायच्या होत्या. मी नवी होते, अंगात दम होता, एकटीने ७ सांगितल्या. रात्री साडेदहापर्यंत कागदावर २२ उपक्रम झाले. निघताना खजिनदार काकांनी तो कागद दिव्याखाली धरला आणि विचारलं, "पोरी, यात मेमध्ये काय आहे गं?"

मेमध्ये काहीच नव्हतं. जुलैत ९ होते.

हे असं का होतं ते आधी समजून घ्या. रोटरी असो की लायन्स, क्लबचं वर्ष १ जुलै ते ३० जून. जुलैत पदग्रहण होतं, नवे अध्यक्ष, नवं बोर्ड, कडक इस्त्रीचे कोट, आणि सगळ्यांना पहिल्याच महिन्यात सगळं करून दाखवायचं असतं. पुढे दिवाळीनंतर मीटिंगला कोरम होईना. एप्रिल-मेपर्यंत जुनं बोर्ड दमलेलं असतं, नवं अजून खुर्चीत बसलेलं नसतं.

शाळा मात्र जूनच्या मध्यावर उघडतात. आम्ही वाटायला घेतलेल्या वह्या कवठेमहांकाळ भागातल्या एका शाळेत पोचल्या त्या जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर पोरांच्या वह्या घेऊनही झाल्या होत्या. शिवाय पहिली-दुसरीला दुरेघी वही लागते आणि आम्ही नेली होती २०० पानी लाँगबुकं. गुरुजी भले माणूस, चहा पाजला, "पुढच्या वर्षी जरा आधी विचारा," एवढंच म्हणाले. तेव्हापासून एप्रिलमध्ये जुने आणि नवे अध्यक्ष एकत्र बसतात, शाळेकडून यादी मागवतात, खरेदी जुन्या बोर्डाच्या पैशातून होते. पैशाचं भांडण कधी झालं नाही. जूनमध्ये दिलेल्या वह्या कोणाच्या वर्षात मोजायच्या आणि बॅनरवर कोणाचा फोटो, इथे मात्र दोन वर्षं गाडी अडली. शेवटी बॅनरच बंद केला.

रक्तदानाचं गणित मला सर्वांत उशिरा कळलं. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, शिबिरं सगळी त्याच दिवशी. पण पिशवीतलं रक्त ३५ ते ४२ दिवसच टिकतं, प्लेटलेट्स तर ५ दिवस. कॉलेजं बंद, ऊन मी म्हणतं, अशा मेमध्ये रक्तपेढीचे फोन सुरू होतात. तेव्हा आकडा ठरवण्याआधी रक्तपेढीत जाऊन त्यांना कोणत्या महिन्यात हवंय ते विचारा. मग उलटं मोजा. पुरुषाला ३ महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं, बाईला ४ महिन्यांनी. २६ जानेवारीला दिलेला पुरुष २६ एप्रिलनंतर मोकळा, बाई २६ मेनंतर. म्हणून आमचं शिबिर मेच्या अखेरच्या आठवड्यात, सकाळी ७ ते १०. वर्षाचं ध्येय म्हणून कागदावर "३०० बाटल्या" लिहायचो, आता "मेमध्ये ६०" लिहितो. ऐकायला किरकोळ वाटतं, प्रांतपालांच्या, म्हणजे भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांच्या, भेटीत टाळ्याही कमी पडतात.

आता ऑगस्ट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड अशा पुरात बुडणाऱ्या भागात राहणारा आपलाच सदस्य गॅलरीतून बोटीची वाट बघत असतो. तो कसली सेवा करणार? त्या वर्षी बाहेरून जुन्या कपड्यांचे ढीग आले आणि पाणी ओसरल्यावर गाळ काढायला खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर मिळेना. ते सामान आम्ही आता एप्रिलमध्ये घेतो आणि मिरजेला एका सदस्याच्या गोदामात ठेवतो. ऑगस्टचं पान बाकी कोरं ठेवायचं, तिथे दुसरा एकही उपक्रम घालू द्यायचा नाही. कोणी वृक्षारोपण सुचवतोच. आमच्या पहिल्या वर्षीच्या १५० रोपांपैकी पुढच्या मेमध्ये २३ उरली होती, कारण फेब्रुवारीनंतर पाणी कोण घालणार हे लिहिलंच नव्हतं.

पैशाचं वर्ष तिसरंच. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्याकडे सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर खर्च करायच्या पैशासाठी, जाणार असाल तर त्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारीत गेलात तर बहुधा "यंदाचं वाटून झालं" हेच ऐकाल. दिवाळीच्या आत जा आणि संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (असा पैसा घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) आहे का ते आधी बघा. १ एप्रिल २०२१ पासून तो नंबर नसेल तर कंपनीला तुमच्यामार्फत हा पैसा खर्चच करता येत नाही. आम्हाला हे कळलं ते कंपनीच्या दारात, कोट घालून उभे असताना.

पहिल्या वर्षी तुमच्यावर बहुतेक फोटो आणि हजेरी टाकतील. घ्या, पण सोबत एकच उपक्रम पूर्ण मागून घ्या, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या हातून होणार हे दोन्ही नाव घालून लिहा. मी मेचं शिबिर मागितलं होतं. पहिल्या खेपेला ४१ जण आले, त्यातले ९ जण हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून परत गेले. ३२ पिशव्या. खजिनदार काकांनी आकडा वहीत लिहिला आणि परत गेलेल्या ९ जणांची यादी माझ्या हातात दिली. "यांना नोव्हेंबरात फोन कर," म्हणाले.