डेटा सफिशियन्सी: आकडेमोड थांबवा, विधान तपासा

डेटा सफिशियन्सी म्हणजे 'माहिती पुरेशी आहे का' असं विचारणारा परीक्षेतला प्रश्नप्रकार: एक प्रश्न आणि त्याखाली माहिती देणारी दोन विधानं. यात उत्तर किती येतं हे सांगायचं नसतं. दिलेल्या माहितीतून एकच एक उत्तर निघतं का, एवढंच ठरवायचं असतं. तरी बरेच जण शेवटपर्यंत आकडेमोड करत बसतात आणि वेळ तिथेच जातो.

विधानांकडे वळण्याआधी स्वतःला विचारा, काय कळलं की पुरे? नफ्याची टक्केवारी हवी असेल तर खरेदी-विक्रीच्या किमतींचं गुणोत्तर पुरतं, प्रत्यक्ष किमती लागत नाहीत. सर्वांत उंच कोण, यासाठी सगळ्यांचा क्रम लावायची गरज नाही.

आता फक्त विधान १ घ्या. मग ते हाताने झाकून फक्त विधान २. इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात, कारण पहिल्या विधानातली माहिती डोक्यात राहते आणि नकळत दुसऱ्यात मिसळते. दोन्ही एकेकटी अपुरी ठरली, तरच एकत्र करा.

विधान पुरेसं आहे का हे बघायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ते मोडून बघणं. विधानात बसणारी, पण वेगवेगळी उत्तरं देणारी दोन उदाहरणं सापडली की विधान अपुरं. समजा, प्रश्न आहे: पूर्णांक क्ष ला ६ ने निःशेष भाग जातो का? विधान १: ३ ने जातो. ९ घेतला तर 'नाही', १२ घेतला तर 'हो', अपुरं. विधान २: ४ ने जातो. ४ ला 'नाही', १२ ला 'हो', हेही अपुरं. एकत्र केल्यावर क्ष १२ च्या पटीत येतो, म्हणजे नक्की 'हो'. उत्तर: दोन्ही मिळून पुरेशी. अशा हो-नाही प्रश्नात ठाम 'नाही' आलं तरी माहिती पुरेशीच असते, हे विसरू नका.

'दोन अज्ञात, म्हणून दोन समीकरणं' हा नियम डोळे झाकून लावू नका. २क्ष + ३य = १२ आणि ४क्ष + ६य = २४ ही दिसायला दोन, पण समीकरण एकच; दुसरं म्हणजे पहिल्याची दुप्पट. उलट, काही प्रश्न ७ गुणांचे, काही ५ गुणांचे, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि एकूण ४१ गुण मिळाले, तर ७ गुणांचे किती बरोबर आले? ४१ मधून ७, १४, २१, २८, ३५ वजा करून बघा. उरतात ३४, २७, २०, १३, ६. यांतल्या फक्त २० ला ५ ने भाग जातो (आणि ४१ ला तर जातच नाही), म्हणून ३. संख्या पूर्ण असल्यामुळे एकाच समीकरणात काम झालं.

क्ष² = ९ दिसलं की −३ आठवा. नातेसंबंधात 'क हा ख चा भाऊ' यातून ख पुरुष की स्त्री, ते कळत नाही.

पर्यायांचा क्रम प्रत्येक परीक्षेत सारखा नसतो, म्हणून सूचना आधी वाचा. विधान १ एकटं पुरलं, तर 'फक्त १' किंवा 'दोन्हींपैकी कोणतंही एक' (म्हणजे प्रत्येक एकटं पुरेसं) एवढेच पर्याय उरतात. ते अपुरं असेल तर हे दोन्ही लगेच खोडा.