अपघातानंतर विमा कंपनीची वैद्यकीय तपासणी : या चुका टाळा

'आते कसं वाटस?' असं डॉक्टरांनी विचारलं की आपल्याकडचा, खानदेशातला माणूस म्हणतो, 'बरं शे.' समोरच्याला उगाच काळजी नको, म्हणून. विमा कंपनीने पाठवलेल्या डॉक्टरांसमोर हेच उत्तर दिलं तर अहवालात 'विशेष तक्रार नाही' असं लिहिलं जातं आणि पुढे कोर्टात तोच कागद तुमच्यासमोर धरला जातो. तपासणारा डॉक्टर तुम्हाला त्या एका दिवशी पाहतो. मधल्या सगळ्या दिवसांत शरीराने काय सोसलं, ते तुम्ही सांगाल आणि कागद दाखवतील तेवढंच त्याच्यापर्यंत पोहोचतं. म्हणून तयारी या दोन्हींची करायची.

तपासणी कोणत्या क्लेमसाठी, हेच माहीत नसणं

स्वतःच्या पॉलिसीतला वैयक्तिक अपघात विमा वेगळा आणि दुसऱ्याच्या गाडीमुळे झालेल्या दुखापतीचा मोटार अपघात दावा वेगळा. वैयक्तिक अपघात विम्यात कंपनीच्या डॉक्टरला तुम्हाला तपासू देण्याची अट पॉलिसीतच असते. पत्र आलं आणि गेलाच नाहीत, तर क्लेम तिथेच अडकतो. तारीख जमत नसेल तर लेखी कळवून दुसरी मागा आणि त्या पत्राची पोच घ्या. दुसऱ्या प्रकारात प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, म्हणजे अशा दाव्यांच्या खास कोर्टापुढे असतं. तिथे अपंगत्वाबद्दल वाद निघाला की न्यायाधिकरण तुम्हाला मेडिकल बोर्डाकडे, म्हणजे सरकारी डॉक्टरांच्या मंडळाकडे पाठवू शकतं. असा आदेश झाला की जायचंच.

आणखी एक गैरसमज. गाडीमालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा दवाखान्याचं बिल भरत नाही. तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे : दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर पूर्ण रक्कम, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर निम्मी. पाय मोडला आणि नीट जुळला, तर त्यातून काही मिळत नाही.

पहिल्या केसपेपरवर खोटं लिहून घेणं

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. पोलिसांचं लचांड नको म्हणून नातेवाईक सांगतात, 'घरी जिन्यावरून पडला.' किंवा आधी हाड बसवणाऱ्याकडे जातात आणि चार दिवसांनी दवाखाना गाठतात. मग कंपनी विचारते, ही दुखापत त्याच अपघाताची कशावरून? याला उत्तर राहत नाही. अपघात कुठे, कधी आणि कोणत्या वाहनाने झाला, हे पहिल्याच कागदावर आलं पाहिजे आणि एमएलसीची, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची नोंद झाली पाहिजे. खर्चाच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०२५ च्या केंद्र सरकारच्या योजनेत नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखांपर्यंतचे उपचार विनारोख होतात. पुढचे उपचार सुरतला किंवा इंदूरला घेतले असतील तर तिथलं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सीडी आणि बिलं तेव्हाच मागून ठेवा. नंतर एका कागदासाठी तिथवर हेलपाटे पडतात.

तपासणीच्या खोलीत

'खूप दुखतं' हे कुणाच्याच कामाचं वाक्य नाही. काय जमत नाही ते सांगा. रावेर-यावलच्या मळ्यात केळीचे घड वाहणारा माणूस म्हणाला, 'खांदा कानाच्या वर जात नाही, घड उचलता येत नाही,' तर ती गोष्ट तपासता येते आणि लिहिताही येते. उकिडवं बसता येतं का, ट्रॅक्टरचा क्लच दाबवतो का, जिना चढता येतो का, रात्री कुशीवर झोपता येतं का, हे आदल्या दिवशी घरच्यांसोबत बसून लिहून काढा. दुखणं कमी-जास्त होत असेल तर तसंच सांगा.

याच्या उलट चूकही तेवढीच घातक आहे. डॉक्टर सांधा तुम्हाला हलवायला सांगतात, मग स्वतः हलवून बघतात. मांडीचा घेर टेपने मोजतात, कारण न वापरलेल्या पायाचा स्नायू बारीक होतो. लंगडण्याचं सोंग इथे टिकत नाही, आणि एकदा संशय आला की खरं दुखणंही खोटं ठरतं. जुनी दुखापत किंवा संधिवात असेल तर तोही सांगा. एक्स-रेमध्ये तो दिसतोच.

मूळ एक्स-रे कुणाच्या हातात देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, दिलेल्या कागदांच्या यादीवर सही घ्या. घरी आल्यावर तपासणी किती वेळ चालली, काय विचारलं, हे तारखेसह वहीत लिहा.

टक्क्यांच्या मागे धावणं

'चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला काढून देतो' म्हणणारे एजंट भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एका पायाचं ४५ टक्के अपंगत्व म्हणजे सगळ्या शरीराचं ४५ टक्के नव्हे, आणि शरीराचं अपंगत्व म्हणजे कमाईचं नुकसानही नव्हे. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची कदाचित काहीच नाही.

हिशोब पाहा. वय ३२, महिना १५,००० रुपये कमाई. वर्षाचे १,८०,०००, या वयाचा गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो ठरलेला आकडा) १६, म्हणजे २८,८०,०००. कमाईची हानी २० टक्के धरली तर ५,७६,००० आणि ४० टक्के धरली तर ११,५२,०००. हा फरक तुमचं काम कोणतं आणि कमाई किती, याच्या पुराव्यावर ठरतो. म्हणून केळीच्या किंवा कापसाच्या विक्रीची पट्टी, सातबारा, बँकेचं पासबुक, मजुरीचा दाखला गोळा करा. दाखला शक्यतो उपचार केलेल्या डॉक्टरकडून किंवा सरकारी बोर्डाकडून घ्या, तोही हाड जुळून फिजिओथेरपी संपल्यावर. देणारा डॉक्टर साक्षीला येईल का, हे आधीच विचारा.

सही आणि मुदत

कोऱ्या कागदावर सही नको. 'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या पावतीवर उपचार चालू असताना तर नकोच. दुसऱ्याच्या गाडीमुळे झालेल्या दुखापतीचा दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली करतात, आणि त्यासाठी २०२२ पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. दाखला बाकी असला तरी दावा दाखल करता येतो, दाखला नंतर जोडता येतो. स्वतःच्या पॉलिसीचा क्लेम कंपनीने नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे वकील लागत नाही, कागद मात्र सगळे लागतात.