परदेश सहलीची कागदपत्रं: या चुका टाळा, नाहीतर मुंबईहूनच घाट चढून परत या

तिकीट बुक होतं, स्टेटसला हॉटेलचे फोटो लागतात, बॅगा घ्यायला मेन रोडला चक्कर होते. कागदपत्रांचं काय केलं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ऑनलाइनच तर भरायचंय, दहा मिनिटांचं काम." नाशिकमध्ये व्हिसाचे आणि एंट्रीचे फॉर्म भरून देणं हे माझं रोजचं काम. रडकुंडीला येऊन जे माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांनी ते आधी दहा मिनिटांत उरकलेलं असतं. त्याच त्या चुका निस्तरून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या फोटोवरून फॉर्म भरणं

प्रत्येक घराच्या ग्रुपवर कधीकाळी टाकलेले सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो असतात. कपाट उघडायचा कंटाळा, म्हणून घरातला हुशार मुलगा त्याच फोटोंवरून सगळ्यांचे फॉर्म भरून मोकळा होतो. पासपोर्ट रिन्यू झाला की नंबर बदलतो, हे त्याच्या गावीही नसतं.

गंगापूर रोडच्या एका कुटुंबाचं व्हिएतनामच्या वेळी असंच झालं. पाच जण निघाले होते. काकांचा पासपोर्ट नुकताच नवा झालेला, जुना रद्दचा शिक्का मारून परत मिळालेला. पुतण्याने ई-व्हिसा भरला तो जुन्याच्या फोटोवरून. साइटने माणशी २५ डॉलर घेतले आणि व्हिसाही दिला. काकांचा तो पासपोर्ट इकडे रद्द झालाय, हे तिला कुठून कळणार? शुक्रवारी रात्री मुंबईच्या काउंटरवर चौघांचे बोर्डिंग पास निघाले आणि काकांच्या वेळी ती मुलगी थांबली. एकदा पासपोर्ट बघितला, एकदा कागद बघितला, मग सुपरवायझरला हाक मारली. मला फोन आला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि पुतण्या एकच घोकत होता, "पण ताई, व्हिसा अप्रूव्ह झालाय ना!" झालाय रे बाबा, पण ज्या पासपोर्टला झालाय तो गंगापूर रोडला कपाटात पडलाय. आणि तो सोबत असता तरी उपयोग नव्हता. अमेरिकेच्या व्हिसासारखं दोन पासपोर्ट दाखवून इथे चालत नाही. नव्या ई-व्हिसाला तीन कामाचे दिवस, त्यात शनिवार-रविवार आडवे आलेले. काकू म्हणाल्या, "हे नाहीत तर मीही नाही." दोघं उजाडता उजाडता कसारा घाट चढून घरी. रविवारी त्याच ग्रुपवर व्हिएतनामच्या 'हा लाँग बे'चे फोटो यायला लागले आणि काका ग्रुपमधून बाहेर पडले.

माझी पद्धत जुनाट आहे, पण मी ती सोडत नाही. खरा पासपोर्ट टेबलावर उघडा ठेवायचा, एकाने एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. मग जागा बदलून पुन्हा एकदा. मोबाइलचं ऑटोफिल बंद. आपल्या पासपोर्टचा नंबर म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे. म्हणजे पहिल्या जागेनंतर 'ओ' किंवा 'आय' दिसला, तर तो शून्य किंवा एक आहे आणि तुम्ही चुकलात.

नाव, आडनाव आणि मधलं नाव

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन नावं. पासपोर्टमध्ये पहिली दोन बहुतेक वेळा 'गिव्हन नेम'च्या एकाच ओळीत बसलेली असतात. फॉर्म भरताना लोक मधलं नाव गाळतात, किंवा लग्नाआधीचं घालतात, किंवा आधार कार्डावर आहे तसं लिहितात. आधारला तिकडे कुणी विचारत नाही. शंका आली तर फोटोच्या पानाच्या तळाशी बाणांच्या दोन ओळी असतात, त्या वाचा. वरच्या ओळीत 'आयएनडी'ला चिकटून येतं ते आडनाव, मग दोन बाण, मग नाव, एक बाण, मग मधलं नाव. विमानतळावरचं मशीन हेच वाचतं, तेव्हा फॉर्ममध्येही हेच. लग्नानंतर नाव बदललंय पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे? मग तिकीटही माहेरच्याच नावाने काढा. सासूबाईंना काय वाटेल ते नंतर बघू.

याच पानावर नाशिककर आणखी दोनदा अडखळतात. जन्मस्थान जुन्या स्पेलिंगने, म्हणजे 'एच' नसलेलं नाशिक छापलं असेल, तर तसंच लिहायचं. दुरुस्त करून द्यायला आपण मास्तर नाही. आणि पासपोर्ट इथल्या सेवा केंद्रात अर्ज देऊन मिळालेला असला, तरी 'प्लेस ऑफ इश्यू' नाशिक नसतं. मुंबई असतं, काही जुन्या पासपोर्टवर ठाणे. छापलंय ते लिहा.

गूगलवर पहिली दिसली ती लिंक

थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे पोचण्याआधी ऑनलाइन भरायचा एंट्रीचा फॉर्म, सक्तीचं केलं. मलेशियाचं वेगळं, सिंगापूरचं वेगळं. तिन्ही फुकट आहेत. तरी लोक पैसे भरून येतात, कारण सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरातवाल्या साइट असतात. झेंडा, राजमुद्रा, सगळं अगदी सरकारी दिसेल असं. तिथे पैसे जातातच, वर तुमच्या पासपोर्टचा फोटो कुणाच्या हातात गेला ते कळत नाही. पत्त्याचं शेपूट बघा: थायलंड 'डॉट गो डॉट टीएच', मलेशिया 'डॉट गव्ह डॉट एमवाय', सिंगापूर 'डॉट गव्ह डॉट एसजी', व्हिएतनाम 'डॉट गव्ह डॉट व्हीएन'. नुसतं 'डॉट कॉम' असेल तर बंद करा.

ही कार्डं पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायची असतात. महिनाभर आधी भरायला बसणारे अतिउत्साही एक, आणि समृद्धीवर गाडीत बसून भरणारे दुसरे. दुसऱ्यांचं सांगायलाच नको. इगतपुरीच्या पुढे बोगदा लागतो, रेंज जाते, फॉर्म उडतो आणि मग ड्रायव्हरवर चिडचिड. निघायच्या आदल्या दिवशी, घरच्या वायफायवर, चहा पिऊन भरा. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घ्या आणि वर प्रिंटही काढा. मोबाइलची बॅटरी बरोबर नको तिथे मरते.

आणि हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. सिंगापूरला आपल्याला व्हिसाही लागतो आणि कार्डही.

युरोपसाठी बँक खातं 'सजवणं'

द्राक्षाचा सीझन आटोपला की निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडची मंडळी युरोपला निघतात. हौस आहे, पैसा आहे, कागद मात्र धड नसतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून कित्येकांनी रिटर्न कधी भरलेलंच नाही. मग कुणीतरी सल्ला देतं की खात्यात पाच लाख दाखव. मावसभावाकडून पैसे येतात, स्टेटमेंट निघतं, आठवड्यात पैसे परत. व्हिसा अधिकारी रोज अशी स्टेटमेंटं चाळत असतो, त्याला हे पहिल्या नजरेत कळतं. नकार येतो आणि ९० युरो फी परत मिळत नाही. २०२४च्या जूनपासून एवढी फी आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मी.

खरी गंमत पुढे आहे. द्राक्षवाल्याच्या खात्यात सीझनला खरोखरच एकरकमी पैसे येतात, आणि नुसतं स्टेटमेंट बघणाऱ्याला तेही उसनेच वाटतात! म्हणून मी व्यापाऱ्याची किंवा एक्स्पोर्टरची बिलं, सातबारा आणि आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा) सोबत लावते. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. मुंबईतल्या वकिलातीतल्या साहेबाला 'पोटखराबा' कळणार नाही. त्यावर एक साधं पत्र जोडा: बाग किती एकर, माल कुठे गेला, पैसे कधी आले. मावसभावाच्या लाखांपेक्षा हे पत्र कामाचं. कंटाळा येतो लिहायला, मान्य. पण बागेत विरळणी करताना कंटाळा चालतो का?

शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत चालतो, पण 'चालतो' म्हणून पंधराव्या दिवसाची वाट बघू नका. जिथे जास्त रात्री मुक्काम त्याच देशाकडे अर्ज. "अमक्याचा लवकर मिळतो" म्हणून अर्ज तिकडे आणि सगळ्या रात्री स्वित्झर्लंडमध्ये, हा शहाणपणा मला दाखवू नका. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोच्या कव्हरचा हवा.

बाकीचं पटापट

पासपोर्टची मुदत: बऱ्याच देशांना पोचल्यापासून सहा महिने शिल्लक लागतात. तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नव्हे.

फोटो: शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर. स्टुडिओत नुसतं 'पासपोर्ट साइज' म्हणालात तर तो शाळेच्या फॉर्मचा काढून देईल, वर गाल गोरे करून. टचअप नको म्हणून आधीच सांगा.

आई किंवा बाबा एकटेच मुलाला नेत असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवा.

केनियाला सफारीला जाणाऱ्यांनी यलो फिव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. ती फक्त ठरलेल्या केंद्रांवर मिळते, गल्लीतल्या डॉक्टरांकडे नाही, आणि अपॉइंटमेंट मिळेपर्यंत दिवस जातात. भारतात परतताना लसीचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. कार्ड हातातल्या पर्समध्ये ठेवा. मुंबईला उतरल्यावर ते इमिग्रेशनच्या आधी मागतात आणि बॅगा पट्ट्यावर येतात त्याच्या नंतर.