गिम्पमध्ये विंडोजचा आयकॉन: १६ पिक्सेलपर्यंत टिकणारा आकाशकंदील

डेस्कटॉपवरचे सगळे फोल्डर सारखेच पिवळे असले की प्रत्येकाचं नाव वाचत बसावं लागतं. ‘दिवाळी फोटो’वर आकाशकंदील दिसला तर नजर थेट तिथे जाते. हे काम गिम्प या मोफत एडिटरमध्ये तासाभरात होतं.

पीएनजी फाइलच्या नावाचं शेपूट बदलून ‘आयसीओ’ (विंडोजच्या आयकॉन फाइलचा प्रकार) लिहिण्याचा प्रयोग बरेच जण करतात. त्याने फक्त नाव बदलतं, फाइल आतून तशीच राहते. आयसीओ हे एक पाकीट असतं आणि त्यात एकच चित्र वेगवेगळ्या मापांत ठेवलेलं असतं. एक्सप्लोररच्या डिटेल्स यादीत १६ पिक्सेलचं चित्र लागतं, डेस्कटॉपवर ‘मीडियम’ला ४८ चं, ‘एक्स्ट्रा लार्ज’ला २५६ चं. स्क्रीनचं स्केलिंग (सगळं मोठं दाखवण्याचं प्रमाण) १२५ टक्के असेल तर १६ चे २० आणि ४८ चे ६० होतात. १५० टक्क्यांना २४ आणि ७२. नेमकं माप पाकिटात नसेल तर विंडोज मोठ्या चित्रावरून आकसून घेतं. २५६, ६४, ४८, ३२, २४ आणि १६ अशी सहा मापं दिली की बहुतेक सगळीकडे निभतं.

फाइल मेनूतून न्यू घ्या, १०२४ बाय १०२४ माप टाका, आणि ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘फिल विथ’ला ट्रान्सपरन्सी निवडा. कॅनव्हासवर करडे चौकडे दिसले म्हणजे मागचा भाग पारदर्शक आहे. चित्र जेपीजीवरून घेत असाल तर आधी लेयर (म्हणजे चित्राचा थर) मेनूतल्या ट्रान्सपरन्सीमध्ये जाऊन ‘ॲड अल्फा चॅनल’ करा. ते राहून गेलं तर मागचा भाग पुसल्यावर तिथे पारदर्शकतेऐवजी पांढरा रंग येतो. फझी सिलेक्टने (सारख्या रंगाचा सलग भाग निवडणारं टूल) पार्श्वभूमी निवडली की लगेच डिलीट दाबू नका. सिलेक्ट मेनूतून ‘ग्रो’ने निवड १-२ पिक्सेल वाढवा, मग पुसा. नाहीतर कडेला पांढरी किनार राहते आणि गडद वॉलपेपरवर ती फार खुपते.

जाडीचा हिशोब आधीच करा. १०२४ वर ३२ पिक्सेल जाडीची रेघ ३२ च्या मापात जेमतेम एक पिक्सेल उरते. त्याहून बारीक काहीही काढलं की खाली त्याचा धूर होतो. बाह्यरेषा गडद ठेवा, आणि डावीकडचा खालचा कोपरा मोकळा सोडा, कारण शॉर्टकटचा बाण तिथेच बसतो.

चित्र झालं की कंट्रोल-एसने गिम्पची मूळ फाइल जतन करा. मग इमेज मेनूत ‘मर्ज व्हिजिबल लेयर्स’, त्यात ‘क्लिप्ड टू इमेज’. ही पायरी चुकवू नका: आयसीओ बनवताना गिम्प प्रत्येक लेयरला स्वतंत्र आयकॉन धरतं. कंदिलाचं अंग एका लेयरवर आणि झिरमिळ्या दुसऱ्यावर राहिल्या, तर पाकिटात दोन अर्धवट चित्रं जातात.

आता इमेज मेनूतल्या ‘स्केल इमेज’ने सगळं २५६ वर आणा. त्यानंतर मात्र ‘स्केल इमेज’ला हात लावायचा नाही, कारण ते सगळे लेयर एकदम आकसतं. शिफ्ट-कंट्रोल-डीने लेयरची प्रत काढा, आणि लेयर मेनूतल्या ‘स्केल लेयर’ने, इंटरपोलेशन क्युबिक ठेवून, ६४ करा. २५६ च्या लेयरवर परत येऊन पुन्हा प्रत, ४८ करा. असंच ३२ आणि २४. दर वेळी मोठ्यावरूनच आकसा. ६४ वरून ४८, ४८ वरून ३२ अशी उतरंड लावली की दर पायरीला कडा मऊ होत जातात.

१६ चं चित्र आकसून घेऊ नका, हाताने काढा. खरी कसोटी इथेच आहे. १६ बाय १६ चा नवा पारदर्शक लेयर घ्या, झूम १६०० टक्के, पेन्सिल टूल, साइज १. ब्रश नको, त्याच्या कडा पसरतात. १६ रकान्यांना मधला रकाना नसतो, म्हणून मधोमध येणारी गोष्ट दोन पिक्सेल रुंद हवी, नाहीतर कंदील कलल्यासारखा दिसतो. पहिल्या ओळीत दोन पिक्सेलची दोरी. दुसरीपासून अकरावीपर्यंत अंग, रुंदी ४, ६, ८, मग पाच ओळी १०, मग दोन ओळी ८. मधोमध दोन बाय दोनचा पिवळा उजेड. बारावी ते पंधरावी ओळ तीन झिरमिळ्या, प्रत्येकी दोन पिक्सेल, मध्ये एकेक रिकामा. नक्षी, कागदाच्या घड्या, सगळं विसरा.

कंदिलाऐवजी अक्षर टाकायचं असेल तर एकच घ्या, वर मात्रा नसलेलं. टेक्स्ट टूलने काढलेली शिरोरेघ बहुधा दोन ओळींत फिकट पसरते. ती पेन्सिलने एकाच ओळीत भरा. ‘बिले’साठी ‘ब’ मोहक वाटतो, पण त्याच्या पोटातली तिरकी रेघ १६ वर बुजते आणि ‘व’ होतो. तिथे रुपयाचं चिन्ह बरं.

शिफ्ट-कंट्रोल-ई दाबून नावाच्या शेवटी आयसीओचं एक्स्टेन्शन द्या. समोर सहाही मापं दिसतील. सगळ्यांना ३२ बीपीपी (दर पिक्सेलला ३२ बिट) ठेवा, आणि २५६ समोर तेवढी ‘कॉम्प्रेस्ड’ची खूण करा. ती नसेल तर ते एकच चित्र अडीचशे केबीच्या वर जागा खातं.

आयकॉन लावण्याआधी फाइल कायमच्या जागी हलवा. विंडोज फोल्डरमध्ये एक लपलेली डेस्कटॉप डॉट आयएनआय फाइल ठेवतं आणि त्यात फक्त आयकॉनचा पत्ता लिहितं. डाउनलोड्स साफ करताना मूळ फाइल उडाली की पिवळा फोल्डर परत हजर. फोल्डर निवडून ऑल्ट-एंटर, कस्टमाइझ टॅब, ‘चेंज आयकॉन’, ब्राउझ. शॉर्टकटला हेच बटण शॉर्टकट टॅबमध्ये असतं. एखाद्याच एक्सेल फाइलचा आयकॉन असा बदलत नाही. तिचा शॉर्टकट करून त्याला लावावा लागतो. रिसायकल बिनसाठी सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, थीम्स, ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’. तिथे भरलेल्या आणि रिकाम्या डब्याचे दोन वेगळे आयकॉन द्यावे लागतात.

दुरुस्ती करून त्याच नावाने फाइल जतन केली तरी जुनंच चित्र दिसतं, कारण विंडोज आयकॉनची साठवलेली प्रत दाखवतं. टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट करून पाहा. तरी हटलं नाही तर फाइलला ‘कंदील-२’ असं नवं नाव द्या आणि तीच पुन्हा लावा.