पेरूवरची खवले कीड: माझा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या परसातल्या पेरूची पाने फेब्रुवारीत काजळी फासल्यासारखी काळी पडली, तेव्हा मी हा बुरशीचा रोग समजून दोन वेळा बुरशीनाशक फवारले आणि पैसे वाया घालवले. खरे कारण पानांच्या मागे व कोवळ्या फांद्यांवर चिकटलेल्या, नखाने खरवडताच सुटून येणाऱ्या चपट्या, हिरवट-तपकिरी खवल्यांत होते. ही मऊ खवले कीड रस शोषून गोड चिकट द्रव टाकते, त्यावर काळी बुरशी वाढते, आणि त्या गोडव्यासाठी आलेल्या मुंग्या किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात.

म्हणून मी आधी मुंग्यांचा बंदोबस्त केला: जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या आणि खोडाला कागद गुंडाळून त्यावर चिकट लेप लावला. जास्त किडलेल्या फांद्या कापून जाळल्या.

फवारणीत वेळच महत्त्वाची असते, कारण प्रौढ मादीवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. नुकती बाहेर पडलेली, फिरती पिल्लेच सहज मरतात. फांदीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी गुंडाळली असता त्यावर बारीक पिवळसर ठिपके, म्हणजेच चिकटलेली ही पिल्ले, दिसू लागले, तेव्हा लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून, उन्हे कलल्यावर, पानांची मागची बाजू भिजेल असे फवारले आणि दहा दिवसांच्या अंतराने तेच दोनदा पुन्हा केले. मेलेले खवले मात्र पुष्कळ दिवस चिकटूनच राहतात. दाबल्यावर ओल न येता ते कोरडे चुरगळले, तेव्हाच मी फवारणी थांबवली.