‘आस्क’ऐवजी दुसरा शब्द कसा निवडावा

‘एकच शब्द परत परत आला की इंग्रजी बाळबोध दिसतं, दर वेळी नवा शब्द घाला,’ हा सल्ला शाळेत मिळतो आणि पुढे आयुष्यभर अर्जांची, पत्रांची वाट लावतो. रजेच्या अर्जात ‘आय डिमांड टू डेज लीव्ह’ असं लिहिणारा माणूस उद्धट नसतो. डिमांड म्हणजे आस्क, एवढंच कोणीतरी त्याच्याकडून घोकून घेतलेलं असतं. असे अर्ज मी रोज तपासते, म्हणून ही पद्धत आस्क हाच शब्द घेऊन सांगते. इतर शब्दांनाही ती लागू पडते.

१. आधी मराठीत अर्थ ठरवा

आस्कच्या पोटात आपली निदान चार क्रियापदं आहेत. ‘आस्क्ड हिम द टाइम’ म्हणजे विचारणं, ‘आस्क्ड फॉर वॉटर’ म्हणजे मागणं, ‘आस्क्ड हिम टू वेट’ म्हणजे थांबायला सांगणं किंवा तशी विनंती करणं आणि ‘आस्क्ड देम टू डिनर’ म्हणजे जेवायला बोलावणं. इन्क्वायर पहिल्या अर्थाला चालतो, दुसऱ्याला नाही. डिमांड मागण्याच्या घरातला, इन्व्हाइट बोलावण्याच्या. अर्थ न ठरवता यादी उघडणाऱ्याचं पुढचं सगळं चुकतं.

२. शब्द गोळा करा

थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणारा कोश, उघडा किंवा संगणकावर शब्दावर राइट क्लिक करा, मिनिटभराचं काम. पण त्यातला अनोळखी शब्द उचलून थेट अर्जात घालू नका. पीटर मार्क रॉजेट या डॉक्टरांनी १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध थिसॉरस काढला, तेव्हा शब्द अर्थांच्या गटांत लावले आणि व्याख्या दिल्याच नाहीत. शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, अशा माणसासाठी ते पुस्तक होतं. आजही थिसॉरसचा उपयोग तेवढाच धरावा.

३. कोण कोणाला विचारतंय ते बघा

आस्क हा जुना, घरगुती इंग्रजी शब्द. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच शब्दांचा ओघ सुरू झाला आणि क्वेश्चन, डिमांड त्या वाटेने आले. इंटरोगेट लॅटिनमधून आला. आपल्याकडे ‘विचारणे’ आणि ‘पृच्छा करणे’ यांत जे अंतर आहे, तसंच हे. म्हणून वजन मराठीतच तोलून बघा. पोलीस संशयिताची कसून चौकशी करतात, तिथे इंटरोगेट शोभतो. साहेबांनी फैलावर घेतलं, तर ग्रिल. नसत्या चौकशा म्हणजे प्राय. काकुळतीला येऊन विनवलं, तर प्लीड किंवा इम्प्लोअर. शाळेच्या कारकुनाला फीबद्दल विचारलं असेल, तर यांतलं काहीही नको.

डिमांडबद्दल खास बजावते. मराठीत आपण ‘या आंब्याला डिमांड आहे’ म्हणतो, त्यामुळे शब्द ओळखीचा आणि निरुपद्रवी वाटतो. क्रियापद म्हणून तो हक्काने, ठणकावून मागणारा आहे. फ्रेंचमध्ये ‘दमांदे’ म्हणजे साधं विचारणं-मागणं. इंग्रजीत मात्र त्याला धार आहे. ग्राहक तक्रारीत जरूर वापरा, रजेच्या अर्जात कदापि नको.

४. वाक्याचा सांगाडा तपासा

खरी कसरत इथे आहे. माझाही सगळ्यात जास्त वेळ याच पायरीने खाल्ला. अर्थ जमायचा, वजन जमायचं आणि तरीही वाक्य लंगडं निघायचं. का, ते विचारलं की ‘वाचन वाढवा’ असं उत्तर मिळायचं, ज्याचा त्या क्षणी काडीचा उपयोग नसतो.

कारण असं की प्रत्येक इंग्रजी क्रियापद माणूस कुठे बसवायचा आणि वस्तू कुठे, हे आपापलं ठरवतं. आस्कच्या जागी दुसरा शब्द आणला की पुढचं सगळं वाक्य नव्याने बांधावं लागतं. लोक नुसता शब्द बदलतात आणि फसतात.

आस्कपासूनच बघा. ‘त्याला विचार’ मधला ‘ला’ आपल्या डोक्यात पक्का, म्हणून ‘आस्क टू हिम’ तोंडात येतं. बरोबर आहे ‘आस्क हिम’. आता इन्क्वायर घाला. तो माणसाला थेट घेतच नाही, ‘इन्क्वायर्ड हिम’ चूक. तो विषय घेतो: ‘इन्क्वायर्ड अबाउट द फीज’.

डिमांड वस्तू थेट घेतो, माणसाआधी ‘फ्रॉम’ मागतो: ‘डिमांडेड ॲन एक्स्प्लनेशन फ्रॉम द कॉन्ट्रॅक्टर’. ‘डिमांडेड हिम टू पे’ हे सर्रास दिसतं आणि सर्रास चूक असतं. ‘डिमांडेड दॅट ही पे’ असं लिहावं लागतं.

सगळ्यात जास्त बळी घेतो तो रिक्वेस्ट. ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ बरोबर, कारण तिथे तो नाम आहे. ‘आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’ चूक, कारण क्रियापद झाल्यावर त्याला ‘फॉर’ नको. ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’ लिहा, किंवा ‘आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी टू डेज लीव्ह’.

हे पाठ करत बसू नका. लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश, उघडा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन तिन्हींच्या ऑनलाइन फुकट आहेत. जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी यांनी १९४२ मध्ये टोकियोत जो कोश काढला, त्यात क्रियापदांचे हे सांगाडे मांडलेले होते. ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश त्याच कोशातून पुढे आला. त्यात ‘एसबी’ म्हणजे माणूस, ‘एसटीएच’ म्हणजे वस्तू. ‘आस्क एसबी फॉर एसटीएच’ एवढी एक ओळ दिसली की सांगाडा मिळाला. शेजारी ‘फॉर्मल’ लिहिलं असेल तर वजनही कळलं. खालची उदाहरणं वाचा आणि आपलं वाक्य त्यातल्या एकावर बेतून लिहा. इंग्रजी-मराठी कोशात ही सोय बहुधा नसते, म्हणून या पायरीला तो पुरत नाही.

५. मोठ्याने वाचा

अडखळलात तर परत चौथ्या पायरीवर या.

काही ठिकाणी मात्र आस्कला हातच लावू नका. ‘आस्क आफ्टर’ म्हणजे ख्यालीखुशाली विचारणं, ‘आस्क अराउंड’ म्हणजे चार जणांकडे चौकशी करणं. हे जोड फोडून दुसरा शब्द घातला की अर्थ जातो. गोष्टीतल्या संवादांतही ‘शी आस्क्ड’ पानावर पाच वेळा आलं तरी वाचणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही. ‘शी इन्क्वायर्ड’ एकदा आलं तरी जातं.