व्हीलचेअरसाठी निसर्गवाट करताना या चुका टाळा

उद्यानातली निसर्गवाट दोन किलोमीटर उत्तम असते, आणि मध्येच एके ठिकाणी अर्ध्या मीटरचा चिखल किंवा लाकडी पुलाची दोन इंची कड येते. व्हीलचेअरवर आलेला माणूस तिथूनच मागे फिरतो. त्याच्या लेखी ती वाट तिथेच संपली. म्हणून अशा वाटेचा हिशेब सरासरीवर करून भागत नाही. तिच्यातली सगळ्यात वाईट जागा शोधून आधी ती दुरुस्त करावी लागते. खालच्या बहुतेक चुका अशाच एखाद-दुसऱ्या जागी झालेल्या असतात आणि पूर्ण वाटेवर पाणी फिरवतात.

चढ सरासरीने मोजणे

नकाशावर १०० मीटरमध्ये ४ मीटरची चढण दिसते. चार टक्के म्हणून कागद मंजूर होतो. जागेवर मात्र पहिले ८० मीटर जवळपास सपाट असतात (एकूण १.६ मीटर चढ) आणि उरलेल्या २० मीटरमध्ये २.४ मीटर चढायचे असते, म्हणजे १२ टक्के. हाताने चाके ढकलणाऱ्याला हा तुकडा एकट्याने पार करणे अवघड, आणि उतरताना तर धोक्याचे.

नैसर्गिक वाटांसाठी अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्डाच्या (अपंगांच्या सोयीची मानके ठरवणारी सरकारी संस्था) मानकातली मर्यादा अशी आहे: १:२० (२० मीटरमागे १ मीटर, म्हणजे ५ टक्के) पर्यंतचा चढ कितीही लांब चालतो. १:१२ पर्यंतचा चढ सलग ६१ मीटरपर्यंत, १:१० पर्यंतचा ९ मीटरपर्यंत आणि १:८ पर्यंतचा फक्त ३ मीटर. अशा प्रत्येक तीव्र तुकड्याच्या दोन्ही टोकांना किमान दीड मीटर लांबीची सपाट विसाव्याची जागा हवी. शिवाय १:१२ पेक्षा तीव्र चढाचे तुकडे मिळून एकूण वाटेच्या ३० टक्क्यांहून अधिक असू नयेत.

मोजायला महागडे साधन लागत नाही. एक मीटरची सरळ पट्टी आणि पाणसळ घ्या. पट्टी वाटेच्या दिशेने ठेवा, उताराकडचे टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखालचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. ५ सेंटिमीटर म्हणजे ५ टक्के, ८ च्या किंचित वर म्हणजे १:१२. दर तीन मीटरला एक माप घ्या, आणि चढ वाढल्याचे डोळ्यांना जाणवेल तिथे जादा माप घ्याच.

वरच्या उदाहरणातला २.४ मीटरचा चढ ५ टक्क्यांवर आणायचा तर ४८ मीटर लांबी लागते. म्हणजे तो २० मीटरचा तुकडा सोडून तिथे वळणाची वाट काढायची, वळणावर दीड मीटरची सपाट जागा द्यायची. माती उकरून चढ कमी करण्यापेक्षा वाट लांबवणे बहुधा स्वस्त पडते आणि झाडेही वाचतात.

आडव्या उताराकडे दुर्लक्ष

चढाकडे सगळे पाहतात. वाटेच्या रुंदीतला, डावी-उजवीकडचा उतार मात्र सहसा कोणी मोजत नाही, आणि दमवणारा असतो तो हाच. वाट एका बाजूला कललेली असली की खुर्ची सतत खालच्या बाजूला ओढली जाते. ती सरळ ठेवायला खालच्या बाजूचे चाक जास्त ढकलावे लागते आणि वरच्या बाजूचे रोखून धरावे लागते. दोनशे मीटरमध्ये एक खांदा भरून येतो.

फरसबंद किंवा फळ्यांच्या वाटेवर हा उतार १:४८, म्हणजे साधारण २ टक्क्यांपर्यंतच ठेवावा. मातीच्या किंवा खडीच्या वाटेवर पाणी वाहून जावे म्हणून ५ टक्क्यांपर्यंत मुभा असते, पण ती शेवटची मर्यादा समजावी. २ ते ३ टक्क्यांत पाण्याचा निचरा होत असेल तर तिथेच थांबावे.

करताना सपाट असलेली वाट दोन पावसाळ्यांनी कललेली दिसते, त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असते. टेकडीच्या अंगाने वाट काढताना अर्धी रुंदी खोदून आणि अर्धी भराव टाकून केलेली असते. भराव दबतो आणि बाहेरची कड खाली जाते. वरून खडी टाकून ती पुन्हा सारखी केली तरी पुढच्या वर्षी तेच होते. शक्य तिथे पूर्ण रुंदी खोदीव जमिनीवरच घ्यावी. भराव टाळताच येत नसेल तर तो १०० ते १५० मिलिमीटरच्या थरांनी टाकून प्रत्येक थर वेगळा दाबावा.

धुतलेली खडी

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. वाटेसाठी ‘बारीक खडी’ मागवली जाते आणि येते ती धुतलेली, एकसारख्या आकाराची, दिसायला सुंदर. अशी खडी कधीच जमून बसत नाही. व्हीलचेअरची पुढची छोटी चाके साधारण १२५ ते २०० मिलिमीटर व्यासाची असतात. ती सुट्या खडीत नांगरासारखी रुततात आणि खुर्ची जागच्या जागी अडते. नदीतले गोल गोटे त्याहून वाईट, कारण ते एकमेकांवरून घसरतात.

हवी ती खडी फोडलेली, कोनदार आणि ६ मिलिमीटरपासून भुकटीपर्यंत सगळ्या आकारांची मिसळलेली. कोन एकमेकांत अडकतात आणि भुकटी मधल्या फटी भरते. कच (ही भुकटी) चाळून काढू नका, असे पुरवठादाराला स्पष्ट सांगा.

थर असा करा: मऊ किंवा चिकण माती असेल तर आधी जिओटेक्स्टाइल कापड (खडी मातीत मिसळू न देणारे, पण पाणी जाऊ देणारे कृत्रिम कापड). त्यावर जाड खडीचा साधारण १५० मिलिमीटरचा दाबलेला पाया, आणि वर मिश्र बारीक खडीचा १०० मिलिमीटरचा थर दोन टप्प्यांत टाकून दाबायचा. दाबण्याआधी ओल तपासा. मूठभर माल घट्ट दाबला की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. कोरडा माल रोलरखाली नुसता सरकतो, जास्त ओला असेल तर लाटेसारखा उठतो. दोन्ही कडांना लाकडाची किंवा दगडाची बांध-पट्टी हवी, नाहीतर कडेची खडी गवतात पसरत जाते.

सुटे लाकडी तुकडे, वाळू आणि गवत यांचा विचार करू नये. चालणाऱ्याला ते मऊ आणि छान वाटतात, चाकाला ते दलदलीसारखे.

काम झाले की व्हीलचेअर आणा, माणूस बसवा, सरळ चालवा आणि जागेवर पूर्ण वळवा. सरळ जाताना चाकांचा ठसा जेमतेम दिसावा. वळताना पुढच्या चाकांनी खळगा पाडला तर थर पक्का झालेला नाही.

पाणी अडवायला आडवे ओंडके

डोंगरवाटांवरची ही जुनी पद्धत: पाणी बाजूला वळवायला वाटेत तिरपा ओंडका किंवा दगडांची रांग पुरायची. पायी जाणारा त्यावरून पाऊल टाकतो, व्हीलचेअरला ती भिंत असते. त्याऐवजी वाटेला लांबट, उथळ खोलगट वळण द्यावे, म्हणजे चढ थोडा उलटा करून पुन्हा सुरू करावा. पाणी त्या खोलगटीतून बाहेर पडते आणि चाकांना धक्काही बसत नाही. मात्र ती खोलगट अरुंद आणि खोल केली तर नवी अडचण येते. खाली येणारा आणि समोरून चढणारा उतार मिळून १३ टक्क्यांच्या पुढे गेले की फूटरेस्ट (पाय ठेवायची पट्टी) जमिनीला टेकते आणि खुर्ची झटक्यात थांबते. माणूस पुढे फेकला जाऊ शकतो.

चरावर जाळी टाकायची असेल तर फट १३ मिलिमीटरपेक्षा रुंद नको, आणि लांबट फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात.

फळ्यांची वाट आणि तिचे सांधे

पाणथळ जागी फळ्यांची वाट उत्तम. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्याच लावाव्यात. उभ्या लावल्या तर पुढचे चाक फटीत शिरून तिथेच अडकते. फट १३ मिलिमीटरच्या आत ठेवायची. ओल्या, ताज्या लाकडाच्या फळ्या ८ मिलिमीटरची फट ठेवून ठोकल्या तर लाकूड सुकल्यावर फट वाढते. म्हणून ओल्या फळ्या एकमेकींना चिकटून लावाव्यात, सुकल्यावर फट आपोआप पडते. उघड्या कडांना किमान ७५ मिलिमीटर उंचीची पट्टी हवी, म्हणजे चाक बाहेर जाणार नाही.

खरी अडचण फळ्या संपून माती सुरू होते तिथे असते. माती दबते, लाकूड तिथेच राहते आणि एक कड तयार होते. १३ मिलिमीटरच्या वर गेलेली कड छोट्या चाकाला अडवते. तिथे दरवर्षी माती टाकत बसण्यापेक्षा पहिल्या ६०० मिलिमीटरला काँक्रीटची किंवा दगडाची पायरी-विरहित लादी बसवावी आणि ती फळ्यांच्या सांगाड्याला जोडून टेकवावी.

फळ्यांवर शेवाळ धरून घसरण होते. त्यासाठी तारेची जाळी ठोकतात, पण ती झिजली की तिची टोके वर येतात आणि टायर फाटतो. ताठ ब्रशने घासणे आणि खरखरीत पट्ट्या लावणे हा बरा उपाय. वर सावली दाट असेल तर थोड्या फांद्या छाटल्या की फळ्या लवकर सुकतात.

मोटारसायकल अडवताना खुर्चीही अडवणे

फाटकाची रुंदी खांबापासून खांबापर्यंत मोजू नका. फाटक उघडल्यावर मधे उरते ती मोकळी जागा किमान ८१५ मिलिमीटर हवी, ९०० असेल तर उत्तम. मोटारसायकल रोखायला लावलेले नागमोडी अडथळे आणि फिरती फाटके बहुतेक व्हीलचेअरना पार करता येत नाहीत. बाजूला कुलूप लावलेले ‘अपंगांसाठीचे’ फाटक ठेवून किल्ली कार्यालयात ठेवणे हाही अडथळाच. ज्याला ती किल्ली लागते त्याला आधी कार्यालयापर्यंत जावे लागते. कडीच्या बाजूला खुर्ची उभी करायला अर्धा मीटर सपाट जागा ठेवा, आणि फाटकापाशी सगळेच थांबत असल्याने तिथला चिखल टाळायला फरसबंदी करा.

वाटेची रुंदी निदान ९१५ मिलिमीटर. ती दीड मीटरपेक्षा कमी असेल तर जास्तीत जास्त ३०० मीटरवर दीड बाय दीड मीटरची बाजू देण्याची जागा हवी. वाट पुढे बंद होत असेल तर शेवटी तेवढीच वळायची जागा.

बाक, कठडा, फांद्या

बाकाशेजारी ९०० बाय १२०० मिलिमीटरची पक्की जागा वाटेच्या बाहेर ठेवली की व्हीलचेअरवरचा माणूस सोबत्याच्या शेजारी बसू शकतो. बाक गवतात असेल तर व्हीलचेअरवरचा माणूस वाटेच्या मधोमध एकटा राहतो.

प्रेक्षणस्थळाच्या कठड्याची आडवी पट्टी नेमकी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे येते. जमिनीपासून ८१५ ते १२९५ मिलिमीटरच्या पट्ट्यात नजर मोकळी राहील असा कठडा करावा. उभ्या बारीक गजांचा किंवा जाड काचेचा कठडा इथे चालतो.

छाटणी करताना माळी उभा राहून पाहतो. चालणाऱ्याच्या कमरेला घासणारी फांदी बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते, म्हणून एक फेरी खुर्चीवर बसूनच करावी. काटेरी झाडांची छाट वाटेवर पडू देऊ नका, पंक्चर झालेल्या टायरसह माणूस आत अडकतो.

फलकावर फक्त चिन्ह

वाटेच्या तोंडाशी निळे व्हीलचेअरचे चिन्ह लावले की काम झाले, असे समजले जाते. पण जाड टायरची विजेवरची खुर्ची आणि हाताने चालवायची हलकी खुर्ची यांची ताकद एक नसते. माणसाला स्वतः ठरवू द्या. त्यासाठी फलकावर सहा गोष्टी लिहा: वाटेची लांबी, पृष्ठभाग कशाचा, नेहमीची आणि सगळ्यात कमी रुंदी, नेहमीचा आणि सगळ्यात जास्त चढ, आडवा उतारही तसाच, आणि सगळ्यात अवघड तुकडा कुठे आहे. मोठ्या पावसानंतर वाट तपासून फलकावर तारीख बदला, आणि एखादा तुकडा खराब झाला असेल तर तो कितव्या मीटरवर आहे ते फाटकापाशीच लिहून ठेवा.